खासबागेतलं नाटकघर

राजारामपुरीतून आम्ही बचत गटाच्या समन्वयक मैत्रिणी आज तुमच्याशी बोलणार आहोत. दर वेळी आपण कर्ज, हप्ते, शेळ्या, पापड-मसाले असं बोलतो. आज विषय थोडा वेगळा घेतलाय. आज बोलायचंय एका इमारतीबद्दल. तुम्ही म्हणाल, इमारतीचं आपल्याला काय? पण शेवटपर्यंत ऐका, कारण शेवटी ही गोष्ट तुमच्या गावच्या समाजमंदिरापाशी येऊन थांबणार आहे.

काही वर्षांपूर्वी करवीर आणि कागल तालुक्यातल्या गटांच्या चाळीसेक मैत्रिणींना घेऊन आम्ही केशवराव भोसले नाट्यगृहात नाटकाला गेलो होतो. बऱ्याच जणी नाटकघराची पायरी पहिल्यांदाच चढत होत्या. आत जाऊन बसल्यावर आमच्यातल्या एका मावशींनी नाटक सुरू व्हायच्या आधीच वर बघून विचारलं, "बया, एवढं मोठं छप्पर, आणि खांब कुठं हाय गं?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. त्या आधी कितीदा तिथं बसलो होतो, पण वर बघायचं कधी सुचलंच नव्हतं. मावशींचा तो प्रश्न डोक्यात राहिला आणि तिथूनच ही माहिती गोळा करायला सुरुवात झाली.

कुस्ती आणि नाटक शेजारी शेजारी

कोल्हापुरात खासबाग म्हटलं की दोन गोष्टी एकमेकींना लागून उभ्या आहेत. एक कुस्तीचं मैदान, दुसरं नाट्यगृह. दोन्ही राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतली. महाराज १८९४ साली गादीवर बसले. १९०२ साली इंग्लंडच्या राजाच्या राज्यारोहणासाठी ते युरोपात गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोममधलं कलोसियम पाहिलं. कलोसियम म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं गोल मैदान. मध्ये खेळ, आणि भोवती पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढत गेलेली माणसं. असं मैदान आपल्या पैलवानांसाठी असावं, असं महाराजांच्या मनात आलं. खासबागेचं कुस्ती मैदान १९१२ साली तयार झालं. मध्ये लाल मातीचा हौद आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बसायची जागा. हजारो माणसं बसली तरी पुढच्याच्या पागोट्याआड मागच्याची कुस्ती लपत नाही.

मैदान पुरं होतंय तोवर १९१३ साली शेजारी नाटकघराचं काम सुरू झालं आणि १९१५ साली ते उघडलं. तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. पुढे १९५७ साली त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं.

नकाशा काढणारे, दगड घडवणारे, छप्पर चढवणारे हात शेकडो असतात. पण अशा इमारतीत सगळ्यात मोठी गोष्ट असते ती म्हणजे ती कुठं आणि कोणासाठी बांधायची हा विचार. महाराजांनी नाटकघर राजवाड्याच्या आवारात, दरबारी मंडळींपुरतं बांधलं नाही. ते शहरात, तालमींच्या आणि पेठांच्या मधोमध, कुस्तीच्या मैदानाला चिकटून बांधलं. सकाळी मेहनत करणारा पैलवान संध्याकाळी नाट्यपद ऐकायला शेजारच्याच दारातून आत शिरेल, अशी ही सोय. आजही कोल्हापूरकर कुस्तीतल्या डावाची जशी दाद देतो, तशीच गाण्यातल्या तानेची देतो. आणि काही पसंत पडलं नाही, तर तोंडावर सांगतो. हा स्वभाव काही एका इमारतीनं घडवलेला नाही, पण त्याला बसायला जागा या दोन इमारतींनी दिली, असं आम्हाला वाटतं.

खांब कुठं गेले?

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या घरात किंवा गोठ्यात छप्पर मोठं असेल तर मध्ये खांब द्यावा लागतो, नाहीतर ते वाकतं. खांब नको असेल, तर छपराखाली कैची घालतात. कैची म्हणजे तिकोनी बांधणी. दोन तिरक्या तुळया वर एकमेकींना टेकतात आणि खाली आडवी तुळई त्यांचे पाय बांधून ठेवते. वरचा भार तिरक्या तुळयांतून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जातो. तिकोन दाबला तरी आकार बदलत नाही. चौकोन मात्र कलतो. चार काड्या खिळ्यानं जोडून बघा, लगेच कळेल. त्यामुळं भिंती जाड आणि भक्कम असतील, तर मधली जागा पूर्ण मोकळी ठेवता येते. खासबागेच्या नाटकघरात मध्ये खांब नव्हता तो असा. त्यामुळं कुठल्याही खुर्चीवरून रंगमंच सरळ दिसायचा.

दुसरी गोष्ट आवाजाची. १९१५ साली माईक नव्हता. नटाचा आवाज स्वतःच्या बळावर शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला हवा होता. तेव्हाची नाटकं संगीत नाटकं, कधी कधी रात्रभर चालायची. मग इमारतीनंच नटाला साथ द्यायची. ती कशी? रंगमंच लाकडी फळ्यांचा आणि खाली पोकळ. तंबोऱ्याच्या भोपळ्यानं तार जशी भरून वाजते, तसं पोकळ लाकडावरून आवाज भरून उठतो. दगडी भिंत आवाज गिळत नाही, परत फेकते. पण तो फार लांबून परत आला तर घोटाळा होतो. सुमारे १७ मीटर किंवा त्याहून लांबच्या कोऱ्या भिंतीवरून आवाज परत आला, तर कानाला तो दुसरा शब्द वाटतो. त्यालाच आपण प्रतिध्वनी म्हणतो. म्हणून नाटकघर किती लांब-रुंद करायचं, कुठं लाकूड, कुठं पडदा, कुठं उघडी भिंत, हे मोजून ठरवावं लागतं. समोर बसलेली माणसं, त्यांची लुगडी, धोतरं, पागोटी हीही थोडा आवाज शोषतात. म्हणून रिकाम्या सभागृहात घुमणारा आवाज भरल्या सभागृहात बरा वाटतो.

हे सगळं सांगायचं कारण इतकंच की दिसणं आणि ऐकू येणं या दोन साध्या गोष्टी आहेत, पण त्या आपोआप होत नाहीत. कोणीतरी शेवटच्या ओळीत बसणाऱ्या माणसाचा विचार करतो, तेव्हाच त्या होतात.

ज्यांचं नाव या घराला आहे

केशवराव भोसले कोल्हापूरचेच. जन्म ९ ऑगस्ट १८९०. घरची गरिबी, लहान वयातच ते नाटक कंपनीत गेले. 'शारदा' नाटकात त्यांनी शारदेचं काम केलं आणि नाव कमावलं. 'शारदा' हे गोविंद बल्लाळ देवलांचं नाटक. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावून पैसे मोजून घेणाऱ्या समाजाची ही गोष्ट. बघा, मुलीचं दुःख, आणि ते रंगमंचावर गाणारा एक मुलगा. कारण तेव्हा घरंदाज म्हणवल्या जाणाऱ्या नाटकांत बाईनं उभं राहायचंच नाही. तमाशाच्या फडावर बायका नाचत होत्या, गात होत्या, पण त्यांना मान नव्हता. आणि जिथं मान होता, तिथं बायकांना जागा नव्हती.

केशवरावांनी १९०८ साली हुबळीला स्वतःची ललितकलादर्श ही कंपनी काढली. याच कंपनीनं मामा वरेरकरांचं 'हाच मुलाचा बाप' हे नाटक आणलं. विषय हुंड्याचा. शंभर वर्षांपूर्वी लोक तिकीट काढून हुंड्याविरुद्धचं नाटक बघत होते, आणि शंभर वर्षांनंतर आपण गटाच्या बैठकीत अजून हुंड्यावर बोलतो आहोत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत केशवराव आणि बालगंधर्व या दोन मोठ्या नटांनी एकत्र येऊन 'मानापमान'चा प्रयोग केला. मिळालेला पैसा टिळक स्वराज्य फंडाला गेला. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय अवघं ३१.

पुढे बाया रंगमंचावर आल्या. मिरजेच्या हिराबाई बडोदेकरांनी संगीत नाटकात काम केलं. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' नाटकात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या. आज नाटकात बाईचं काम बाई करते याचं आपल्याला काहीच वाटत नाही. पण आपल्या आज्यांच्या पिढीनं ते होताना पाहिलं.

पडद्यापासून सिनेमापर्यंत

एका नाटकघराभोवती किती जणांची चूल पेटते, याचा विचार आपण बचत गटाच्या बायकांनी तरी करायला हवा. नट आणि गवई झाले. पण त्याशिवाय पेटीवाले, तबलजी, शिंपी, सुतार, रंगारी, दिवे लावणारे, चहा-भजी विकणारे. आजही खासबागेची खाऊ गल्ली संध्याकाळी गजबजते. त्यातला एक धंदा पडदे रंगवण्याचा. राजवाडा, बाग, अरण्य असे मोठे पडदे रंगवून मागे सोडायचे. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव हे मिस्त्री घराण्यातले भाऊ-भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. त्यातले बाबूराव पुढे बाबूराव पेंटर म्हणून गाजले. सिनेमा पाहून त्यांना वाटलं, चित्र हलतं तर आपणही हलवू. कॅमेरा त्यांनी कोल्हापुरातच घडवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० साली आला, आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. पुढे ती पुण्याला गेली.

म्हणजे नाटकानं पडदा रंगवणारा तयार केला आणि पडदा रंगवणाऱ्यानं सिनेमा उभा केला. मग शहरात टॉकीज आल्या, आणि टॉकीजनी शहराचे पत्ते बदलले. कोल्हापुरात तुम्ही रिक्षावाल्याला काय सांगता? "व्हीनस कॉर्नरला सोडा." "उमा टॉकीजला थांबवा." आम्ही राजारामपुरीकर पाहुण्याला घरचा पत्ता सांगताना अजून पार्वती टॉकीजची खूण सांगतो. टॉकीजचं काहीही होवो, चौकाचं नाव राहतं. माणसं जिथं एकत्र हसली आणि रडली, ती जागा शहर विसरत नाही.

हे फक्त कोल्हापुरात झालं असं नाही. मुंबईत गेलात तर कुलाब्याला रीगल हा सिनेमा दिसेल. चार्ल्स स्टीव्हन्स या वास्तुविशारदानं तो बांधला, १९३३ साली तो उघडला. चर्चगेट स्टेशनासमोरचा इरॉस १९३८ सालचा, सोहराबजी भेडवार यांनी आखलेला. गोलसर कोपरे, सरळ रेषा, वर जाणारा मनोरा, अशी ही तऱ्हा. तिला आर्ट डेको म्हणतात. त्या भागातल्या जुन्या इमारतींच्या समूहाला २०१८ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात या दोन्ही सिनेमांचा भाग येतो. शहर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं, ते बऱ्याचदा अशा चार-दोन इमारतींनी काढलेलं असतं.

आगीची रात्र

आता दुःखाची गोष्ट. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. रंगमंच, छप्पर, खुर्च्या जळून गेल्या. दगडी भिंती आणि समोरची बाजू काळवंडून उभी राहिली. सुदैवानं जीव कोणाचा गेला नाही. त्या रात्री शहरातली माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. दुसऱ्या दिवशी आम्हीही जाऊन आलो. गर्दीत नट होते तसे हमाल होते, कॉलेजची पोरं होती, भाजीवाल्या होत्या. त्यातल्या किती जणांनी वर्षाकाठी तिकीट काढून नाटक पाहिलं असेल, सांगता येत नाही. पण घरातलं थोरलं माणूस गेल्यासारखी सगळी गप्प होती. तेव्हा आम्हाला कळलं, नाटकघर फक्त नाटक बघणाऱ्यांचं नसतं.

पुढे सरकारनं मदत जाहीर केली आणि पुन्हा बांधायचं काम हाती घेतलं गेलं. जसं होतं तसंच बांधा, अशी लोकांची मागणी. ती रास्त आहे. दगडी भिंत, दिसणं, ऐकू येणं, हे सगळं तसंच हवं. पण आम्हाला वाटतं, दोन गोष्टी मात्र जुन्यापेक्षा चांगल्या हव्यात.

पहिली गोष्ट आगीची. नाटकघरात लाकूड, कापडी पडदे, रंग, विजेच्या तारा, सगळं एकत्र असतं. म्हणून आग लवकर पसरते. दिल्लीत १३ जून १९९७ रोजी उपहार सिनेमागृहात आग लागली आणि ५९ माणसं गेली. बहुतेक धुरात गुदमरून. बाहेर पडायची वाट जादा खुर्च्या टाकून अडवलेली होती. दार नुसतं असून भागत नाही. ते बाहेरच्या बाजूला उघडायला हवं, त्याला कुलूप नको, आणि अंधारात दिसेल असा दिवा त्यावर हवा.

दुसरी गोष्ट बायकांची. शंभर वर्षांपूर्वी नाटकघरात बायकांची बसायची जागा वेगळी असायची, कुठं कुठं बायकांसाठी खास प्रयोग लावावे लागायचे. आज आपण कुठंही बसतो. पण रात्री साडेनऊला नाटक सुटलं तर कागलची किंवा राधानगरीची बाई घरी जाणार कशी? बायकांच्या शौचालयापुढची रांग मध्यंतर संपलं तरी संपत नाही. म्हाताऱ्या आजीला पायऱ्या चढवत नाहीत. दिसायला नाटकघर सगळ्यांना खुलं असतं, पण खरं खुलं आहे का, हे अशा बारीक गोष्टींवरून कळतं.

आपल्या गावचं सभागृह

आता सुरुवातीला सांगितलेलं समाजमंदिर. गावोगाव समाजमंदिर, सांस्कृतिक भवन, सभागृह बांधली जातात. पैसा आपलाच असतो, करातून आलेला. आम्ही बैठकांसाठी फिरतो तेव्हा बघतो, सभागृह मोठं असतं, वर पत्रा असतो आणि आत बोललेलं कुणाला कळत नाही. पावसात तर अध्यक्षबाई ओरडून ओरडून दमतात. मग हळूहळू बायका यायच्या बंद होतात आणि लोक म्हणतात, "बायकांना मिटिंगमध्ये रस नाही." रस असतो हो, पण ऐकू येत नाही! इमारत माणसाचा स्वभाव घडवते ती अशी. खासबागेनं कोल्हापूरकराला दाद द्यायला शिकवलं, आणि आपला पत्र्याचा हॉल आपल्याला गप्प बसायला शिकवतो.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत सभागृहाचा विषय निघाला, तर नकाशा मागून घ्या आणि पाच प्रश्न विचारा.

एक, शेवटच्या ओळीतल्या बाईला माईकशिवाय ऐकू येईल का? पत्र्याखाली दुसरं छत किंवा बांबूची चटई घालणार का?

दोन, सगळ्यांना पुढचं दिसेल का? जमीन थोडी उतरती करता येईल का, नाहीतर व्यासपीठ पुरेसं उंच घेता येईल का?

तीन, दारं किती आणि कुठल्या बाजूला उघडतात? आग लागली तर सगळी माणसं दोन मिनिटांत बाहेर पडतील का?

चार, बायकांसाठी शौचालय, पाणी आणि दाराबाहेर दिवा आहे का? लहान लेकराला घेऊन बसायला कोपरा आहे का?

पाच, गटाला, भजनी मंडळाला, शाळेच्या मुलांना हे सभागृह परवडणाऱ्या भाड्यात मिळेल का? की फक्त लग्नालाच उघडणार?

नकाशा कळत नाही म्हणून लाजू नका. आपल्या मावशींनाही कळत नव्हता. त्यांनी फक्त वर बघितलं आणि खांब कुठं आहे विचारलं.

खासबागेतलं नाटकघर पुन्हा उघडेल तेव्हा आम्ही गटाच्या मैत्रिणींना घेऊन पहिल्या काही प्रयोगांना नक्की जाणार आहोत. भिशीतून दर महिन्याला थोडे पैसे बाजूला काढायला सुरुवातही केलीय. तुम्हीही काढा. त्या मावशी तेव्हाही सोबत असतील, आणि या वेळी त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला आम्ही तयार आहोत.